‘कोणता परवा?’ : परत विचारण्याचा हक्क आणि दलित साहित्य

धाडच्या एसटी स्टँडवर ऐकलेल्या एका साध्या बोलण्यापासून सुरुवात करतो. बाकावर दोन म्हातारे बसले होते. एक इकडचा, वऱ्हाडातला. दुसरा भोकरदनकडचा, म्हणजे मराठवाड्यातला. त्यांच्यात काही सोयरिकीचे चालले होते. एकाने विचारले, “मग परवाचं काय ठरलं?” दुसरा थबकला. “कोंता परवा? गेलेला का येनारा?” पहिला हसून म्हणाला, “येनारा हो! गेलेल्याचं काय ठरवाचं?” दोघेही हसले आणि बोलणे पुढे गेले.

हे बोलणे नोंद करण्याजोगे आहे असे कोणाला वाटणार नाही. मराठीत ‘परवा’ दोन आहेत. एक मागे पडलेला, एक पुढे यायचा. कोणता ते बहुधा क्रियापदावरून कळते. नाही कळले तर ऐकणारा विचारतो, बोलणारा सांगतो, आणि अडलेली गाडी मार्गाला लागते. धाड हे सीमेवरचे गाव. बुलडाणा जिल्हा वऱ्हाडात, आणि वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली. पलीकडचा भोकरदनचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. इकडे ‘मले-तुले’, पलीकडे ‘मला-तुला’, आणि दोन्हीकडच्या बाजारात दखनी उर्दू. अशा ठिकाणी माणसे रोज एकमेकांना अडवतात, विचारतात, सांगतात. एकमेकांचे कळणे ही या मुलखातली रोजची कमाई आहे.

पण याच ‘परवा’ची दुसरी एक गोष्ट आमच्या घरात आहे. माझा आजा गावकीची कामे करी. सांगावे पोचवणे हे त्यांतले एक. मालकाने ओट्यावरून सांगितले, “परवाचा सांगावा पोचला पाहिजे.” दोन सांगावे होते. एक दोन दिवसांपूर्वी सांगितलेला, एका गावचा. दुसरा दोन दिवसांनी होणाऱ्या बैठकीचा, दुसऱ्या गावचा. कोणता ते आज्याला कळले नाही. तो “जी” म्हणाला आणि निघाला. दिवसभर चालून चुकीच्या गावी पोचला. परत आला तेव्हा शिव्या खाल्ल्या, आणि शिव्यांवर भागले नाही. रात्री आजीने विचारले, “इचारलं काहून नाही?” आजा एवढेच म्हणाला, “इचारतं का कोनी?”

स्टँडवरच्या म्हाताऱ्याने जो प्रश्न सहज विचारला तोच प्रश्न माझ्या आज्याला विचारता आला नाही. शब्द एकच, अडचण एकच, मराठीही एकच. फरक फक्त परत विचारण्याच्या हक्काचा. दलित साहित्याची भाषा, तिची दुर्बोधता, तिचा शिवराळपणा यांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले. मला वाटते, त्या चर्चेत मुळाशी असलेली ही गोष्ट सुटून गेली.

भाषेचा विचार करणाऱ्यांनी फार काळ असे मानले की बोलणे म्हणजे एका पोत्यातले धान्य दुसऱ्या पोत्यात ओतणे. एकाच्या डोक्यात अर्थ असतो, तो शब्दांत घालून दुसऱ्याच्या डोक्यात टाकायचा. रोजच्या बोलण्याचा बारकाईने अभ्यास झाला तेव्हा हे चित्र टिकले नाही. अमेरिकेत हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी माणसांची खरीखुरी संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासली. १९७७ साली त्यांचा बोलण्यातल्या दुरुस्तीवरचा लेख प्रसिद्ध झाला. बोलणारा चुकतो, ऐकणाऱ्याला नीट ऐकू येत नाही, अर्थ निसटतो. हे सतत घडते, आणि प्रत्येक वेळी ते सावरण्याची सोय बोलण्याच्या रचनेतच असते. “काय?”, “कोण?”, “म्हणजे?” हे छोटे प्रश्न म्हणजे ती सोय. ऐकणारा बहुधा चूक स्वतः सुधारत नाही, बोलणाऱ्यालाच ती सुधारण्याची संधी देतो. म्हणजे समज ही एकट्याची मालमत्ता नव्हे. ती दोघांनी मिळून, पुन्हा पुन्हा डागडुजी करीत उभी केलेली भिंत आहे.

हेरॉल्ड गार्फिंकेल यांनी त्याआधीच एक मजेचा प्रयोग केला होता. १९६७ च्या त्यांच्या ग्रंथात तो आला आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितले, ओळखीच्या माणसाशी बोलताना त्याच्या अगदी साध्या वाक्याचाही अर्थ विचारा. एकाने सांगितले की काल गाडीचे चाक पंक्चर झाले. लगेच विचारायचे, पंक्चर झाले म्हणजे काय झाले? समोरची माणसे आधी गोंधळली, मग चिडली. जे न बोलता समजून घ्यायचे ते विचारले गेले की माणसाला तो अपमान वाटतो.

हे दोन्ही अभ्यास मोलाचे आहेत. पण आपल्या गावात उभे राहून वाचले की एक प्रश्न मनात येतो. त्यांत बोलणाऱ्या दोघांना एकमेकांना अडवण्याची मुभा आहे हे गृहीत धरलेले दिसते. ओळखीच्या, बरोबरीच्या माणसाने अर्थ विचारला तरी माणूस चिडतो. मग ओट्याखाली उभ्या असलेल्या माणसाने विचारले तर काय होईल? आज्याला ते प्रयोग न करता ठाऊक होते. आपल्याकडे जातीने पाणी वाटले, वाट वाटली, मसणवटा वाटला. तसाच “म्हणजे काय?” हा प्रश्नही वाटला. वरच्याने विचारला तर ती चौकशी. खालच्याने विचारला तर तो उद्धटपणा.

म्हणून आमच्या वस्तीने एक शब्द घडवला. ‘जी’. रात्री गोष्ट सांगताना पोरे हुंकारा देतात तो हुंकारा वेगळा. तो थांबला तर सांगणारा थांबतो, “झोपला का रे?” म्हणून विचारतो. हुंकारा देणाऱ्याच्या हातात गोष्टीचा लगाम असतो. ‘जी’ म्हणणाऱ्याच्या हातात काही नसते. ‘जी’ म्हणजे ऐकले. कळले असा त्याचा अर्थ नव्हे, पटले असा तर नव्हेच. पण वरच्याने तो नेहमी ‘पटले’ असाच ऐकला. गावगाड्यात सलोखा होता, सगळे एकमेकांना समजून होते असे जे गोड चित्र ग्रामीण साहित्याने पुष्कळदा रंगवले, ते या चुकीच्या ऐकण्यावर उभे आहे.

अभिवादनाचेच पाहा. बोलणे तिथून सुरू होते. ‘जोहार’ एका बाजूने जायचा, तसाच परत यायचा नाही. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) मध्ये वाटेत वरच्या जातीच्या माणसाला वाकून अभिवादन करण्याची बायकांवरची सक्ती आली आहे. नव्या सुनेकडून ते राहून गेले तर साऱ्या वस्तीला जाब द्यावा लागे. याच्या शेजारी ‘जय भीम’ ठेवा. कामठीचे बाबू हरदास यांना त्याचे श्रेय दिले जाते. ‘जय भीम’ला उत्तर काय? ‘जय भीम’. शब्द तोच, उंची तीच. पुढे जे बोलणे व्हायचे त्यात दोघेही एकमेकांना अडवू शकतील, एवढी जमीन त्या दोन शब्दांनी सपाट केली. राजकीय घोषणा म्हणून आपण त्याचा पुष्कळ विचार केला. संभाषणाची सुरुवात म्हणून तो करायचा राहिला.

मग कोणी म्हणेल, गावात सगळे एकाच शेतात राबत होते, एकाच बाजारात जात होते. सहवासाने समज येणार नाही का? जॉन गम्पर्झ यांनी उत्तर प्रदेशातील खालापूर या गावच्या बोलीचा अभ्यास १९५८ साली प्रसिद्ध केला. अस्पृश्य जातींची बोली गावच्या इतर बोलीपासून वेगळी राहिली होती, आणि त्याचे कारण संपर्क कमी हे नव्हते. कामाच्या निमित्ताने संपर्क भरपूर होता. नव्हती ती मैत्री. मोकळेपणाने बसून बोलणे, थट्टा करणे, एकमेकांच्या पोरांनी एकत्र खेळणे नव्हते. हुकूम आणि होकार यांतून भाषा एक होत नाही. आपल्या साने-थोर समीक्षकांना दलित लेखकाची मराठी परकी का वाटली, याचे उत्तर या निष्कर्षात आहे. ती भाषा त्यांनी कधी बसून ऐकलेलीच नव्हती.

आता साहित्याकडे येतो. बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा त्याच नावाच्या १९६३ च्या संग्रहात आली. नोकरीसाठी परगावी गेलेल्या तरुणाला खोली हवी आहे, आणि जात विचारली जाते. तो जात सांगत नाही, माणूस म्हणून ताठ बोलतो. ऐकणारे त्या बोलण्यातून आपल्या सोयीचा अर्थ काढतात. पुढे खरे कळते आणि मार बसतो. ही जात लपवण्याची कथा म्हणून वाचली गेली. मला ती समजुतीची कथा वाटते. वरवर पाहता सगळ्यांची समज जुळलेली आहे, बोलणे सुरळीत चालले आहे. पण ते सुरळीत आहे ते एक प्रश्न अनुत्तरित राहिला म्हणून. एकमेकांना समजून घेणे ही आपोआप चांगली गोष्ट आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ही कथा पुन्हा वाचावी. ज्या समाजात एका प्रश्नाचे खरे उत्तर दिले की जीव धोक्यात येतो, तिथे सुरळीत संवाद हा खोटेपणावरच चालतो.

याच्या उलट वाट जोतीराव फुल्यांनी फार आधी दाखवली होती. ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादातून लिहिलेला आहे. शिष्याने विचारावे आणि गुरूने सांगावे ही जुनीच पद्धत. पण पोथीतला शिष्य विचारतो तो गुरूचा मोठेपणा वाढवण्यासाठी. धोंडिबा विचारतो ते पोथीलाच. ही गोष्ट अशी कशी, याला आधार काय, असे तो विचारतो. ज्याला शतकानुशतके फक्त ‘जी’ म्हणायची मुभा होती, त्याच्या तोंडी मराठी गद्याने इथे “म्हणजे काय?” हा प्रश्न घातला. धोंडिबाला पुष्कळ ठिकाणी फार लवकर पटते, ही त्या ग्रंथाची मर्यादा मी मानतो. तरीही दलित साहित्याची वंशावळ लावताना आपण विद्रोहाची परंपरा शोधतो, तशी ही विचारण्याची परंपराही शोधली पाहिजे.

१९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. आपल्याला कितीतरी शब्दांचे अर्थ कळले नाहीत हे तेंडुलकरांनी त्या प्रस्तावनेत मोकळेपणी कबूल केले, आणि ते अर्थ कवीला विचारून घेतले. मराठीतला एक नामांकित नाटककार एका तरुण दलित कवीला विचारतो आहे, हा शब्द म्हणजे काय? मला ही घटना कवितांइतकीच महत्त्वाची वाटते. स्टँडवरच्या म्हाताऱ्याने जे केले तेच त्यांनी केले. अडले, विचारले, पुढे गेले. विचारल्याने ते लहान झाले नाहीत.

ज्यांनी विचारले नाही त्यांनी ‘दुर्बोध’, ‘अश्लील’, ‘प्रचारकी’ असे शेरे मारले. “मला कळले नाही” आणि “हे कळण्याजोगे नाही” या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्या वाक्यात माणूस दार ठोठावतो. दुसऱ्यात तो बाहेरून कडी लावतो. इंग्रजी कवितेतला संदर्भ अडला तर आमचे प्राध्यापक कोश उघडतात, टीपा वाचतात. वस्तीतला शब्द अडला तर मात्र दोष शब्दाचा. येथे जुनी वाटणी उलटी फिरलेली दिसते. खालच्याला विचारण्याचा हक्क नव्हता. वरच्याला हक्क असूनही खालच्याकडे अर्थ विचारणे कमीपणाचे वाटले.

इथवर लिहून मी थांबलो असतो तर हा लेख सोयीचा झाला असता. पण मला माझ्यावरही यायचे आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत धाडच्या बाजूच्या एका वस्तीत मी १४ एप्रिलला बोललो. तास-दीड तास बोललो. अस्मिता, मूल्यसंघर्ष, सांस्कृतिक परिवर्तन, आत्मभान, सगळे आले. माणसे शांत बसून ऐकत होती, माना हलत होत्या. मी खूश होतो. सभा संपल्यावर एक म्हातारी भेटली. मला लहानपणी कडेवर घेतलेली, कायम ‘तू’ म्हणणारी. मी विचारले, “आजी, कसं झालं?”

“लय चांगलं बोलले बापू तुमी.”

ती मला ‘तुमी’ म्हणाली. मी चरकलो. विचारले, “काय समजलं सांग बरं.”

ती हसली. “ते काही नाही समजलं. बाबासाहेबाचं नाव घेतलं, बरं वाटलं.”

“मग विचारलं काहून नाही?”

“तुमाले कसं इचाराव? तुमी शिकले-सवरलेले.”

आज्याचे वाक्य मला माझ्याच वस्तीत, माझ्याचविषयी ऐकावे लागले. त्या हलणाऱ्या माना हुंकारा नव्हत्या. तो ‘जी’ होता. मी ओट्यावर कधी चढलो ते माझे मला कळले नव्हते. पण खाली बसलेल्यांना ते बरोबर कळले होते.

पुढच्या वेळी भाषण ठेवले नाही. सतरंजीवर बसून मी ‘बलुतं’ वाचायला घेतले आणि आधीच सांगितले, जिथे अडेल तिथे मला थांबवायचे. पहिले दोन दिवस कोणी थांबवले नाही. तिसऱ्या दिवशी नववीतल्या एका पोरीने हात वर केला. तिने पुस्तकातला शब्द सोडून माझाच मागचा शब्द धरला. “मास्तर, अस्मिता म्हंजे काय?” मी पाच मिनिटे समजावले. पोरीचा चेहरा तसाच. तेव्हा तीच म्हातारी कोपऱ्यातून म्हणाली, “म्हंजे आपली आपल्याले लाज न वाटनं.” मी तो शब्द कितीतरी वेळा लिहिला होता. त्याचा अर्थ त्या दिवशी मलाही नीट कळला. मग मात्र लोक अडवू लागले. एकाने तर मी वाचलेल्या एका प्रसंगावर सांगितले, आमच्याकडे असे नव्हते, वेगळे होते. वाचन लांबले, पुस्तक अर्धेच झाले, आणि कामाचे झाले.

‘बलुतं’ (१९७८) त्या बैठकीला मी सहज निवडले होते, पण त्याची रचनाही विचार करण्यासारखी आहे. दया पवारांनी आपली कहाणी दोन माणसांत वाटली आहे. शिकलेला, शहरात वावरणारा दया पवार, आणि त्याला आपले जिणे सांगणारा दगडू मारुती पवार. दोघे एकच. कागदोपत्री नाव दगडू, लेखकाचे नाव दया. ही नुसती कथनाची युक्ती नव्हे. शिकलेला दलित आपल्या मागे राहिलेल्या अर्ध्याचे ऐकायला बसतो, असा त्याचा अर्थ आहे. पुढे कथनाला ओघ येतो आणि ऐकणारा मागे सरतो. त्याने दगडूला आणखी अडवायला हवे होते, काही ठिकाणी “असे का केलेस?” म्हणून विचारायला हवे होते असे मला वाटते. पण आपल्यातल्याच दोघांत बोलणे तुटले आहे, हे पवारांनी ओळखले आणि तिथूनच पुस्तकाला सुरुवात केली. आमच्या वैचारिक लेखनाने ते अजून ओळखलेले नाही.

म्हणून दलित साहित्याच्या समीक्षेपुढे मी एक कसोटी ठेवतो. विद्रोह किती, नकार किती, वेदना किती अस्सल, हे आपण विचारले. ते विचारायलाच हवे होते. आता हेही विचारू या, की ही कृती वाचकाला परत विचारू देते का? तिच्यातली माणसे एकमेकांना अडवू शकतात का, की एक बोलतो आणि बाकीचे माना हलवतात? आणि आम्ही जे लिहितो, बोलतो, त्यावर वस्तीतली नववीतली पोर हात वर करू शकेल का? बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी काढलेल्या पाक्षिकाचे नाव ‘मूकनायक’ होते. मुक्यांना वाचा मिळाली हे खरेच. पण वाचा म्हणजे एकट्याने बोलता येणे एवढेच नाही. समोरचा बोलत असताना “थांबा, कळले नाही” असे म्हणता येणे, हीही वाचाच. आणि ती आपल्याच माणसासमोर वापरता आली पाहिजे.

आज धाडच्या स्टँडवर हातोहाती मोबाइल आहेत. निरोप पोचवायला कोणाचा आजा चालत जात नाही. तरी परवा, म्हणजे गेल्या परवा, तिथे एका साहेबासमोर एक माणूस कागद हातात घेऊन उभा होता. साहेब भराभरा काही सांगत होता आणि तो माणूस प्रत्येक वाक्याला “जी, जी” म्हणत होता. साहेब गेल्यावर तो माझ्याकडे वळला आणि कागद पुढे करून म्हणाला, “भाऊ, काय म्हनले ते?”

मी कागद वाचून दाखवला. मग त्याला म्हटले, “चला, त्यांनाच विचारू.” तो आधी नको म्हणाला. मग आला.